टाइप-सीचा ट्रिमर टाइप-सीच्याच चार्जरवर का चार्ज होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा लॅपटॉप आल्यावर घरातील सगळी उपकरणे १०० वॅटच्या एकाच टाइप-सी चार्जरवर आणि वेगळ्या विकत आणलेल्या दोन मीटर लांबीच्या सी-टू-सी केबलवर चालवायची, असे विचारणाऱ्यांनी ठरवले. टाइप-सी पोर्ट असलेला ट्रिमर या जोडीवर मुळीच चार्ज होत नाही, पण जुन्या चौकोनी टोकाच्या केबलने जुन्या चार्जरवर लावला की लगेच होतो. लॅपटॉप चार्ज होतो, परंतु सावकाश, आणि चार्जर कमी क्षमतेचा असल्याची सूचना पडद्यावर दाखवतो. त्याच केबलने बाहेरच्या एसएसडीवर फोटो हलवताना वेग सेकंदाला ४० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. दोष चार्जरचा, केबलचा की उपकरणांचा, आणि असे काहीही कशालाही जोडल्याने एखादे उपकरण जळू शकते का, असे त्यांनी विचारले आहे.

पुण्यात गेली सोळा वर्षे मी चार्जिंगचे सर्किट आखण्याचे आणि तपासण्याचे काम करतो, आणि या तीन तक्रारी माझ्याकडे जवळपास याच क्रमाने येत असतात. आपल्या तिन्ही तक्रारींत केबल एकच असली तरी कारणे तीन निरनिराळी आहेत. ट्रिमरच्या बाबतीत आपला चार्जर आणि केबल दोन्ही बरोबर वागत आहेत आणि चूक ट्रिमर बनवणाऱ्याची आहे. लॅपटॉप आणि एसएसडी यांच्या बाबतीत उपकरणे निर्दोष आहेत. आपली केबल ज्या कामासाठी बनवली गेली ते काम ती नीट करते आहे, फक्त आपण तिच्याकडून मागत असलेली कामे तिच्या वाट्याची नाहीत.

ट्रिमरपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोष्टी समजण्याची किल्ली तिथे आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टाइप-सीचा पहिला तांत्रिक आराखडा प्रसिद्ध झाला. त्या इवल्याशा लंबगोल पोर्टमध्ये एकूण २४ संपर्कबिंदू असतात: वीज देणारे चार, परतीचे म्हणजे ग्राउंडचे चार, जुन्या यूएसबी २ च्या डेटासाठी चार, अतिवेगवान डेटासाठी आठ, पूरक कामांसाठी दोन आणि उरलेले दोन सीसी नावाचे. प्लग उलटा-सुलटा कसाही घातला तरी चालतो, हे ज्यामुळे शक्य होते आणि ज्याच्यावर सगळा संवाद घडतो ते हे दोन सीसी. जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टवर, ज्याला टाइप-ए म्हणतात, ५ व्होल्ट कायम उभे असतात. समोर कोणी असो वा नसो. टाइप-सीच्या पोर्टवर मात्र काही जोडलेले नसताना वीज नसते. चार्जर सीसीच्या तारेवर एका रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाहाला रोध करणाऱ्या छोट्या भागातून, थोडासा विद्युतदाब ठेवतो आणि पलीकडे कोणी आहे का याची वाट पाहतो. वीज घेणाऱ्या उपकरणाने दोन्ही सीसी बिंदूंवर प्रत्येकी ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असावा, असा नियम आहे. तो रेझिस्टर दिसला की वीज घेणारे उपकरण जोडले गेले आहे याची चार्जरला खात्री पटते आणि मगच तो ५ व्होल्ट सोडतो.

आपल्या ट्रिमरमध्ये हे दोन रेझिस्टर बसवलेलेच नाहीत. उत्पादकाने मायक्रो-यूएसबीचे जुने सर्किट तसेच ठेवून फक्त पोर्टचा सांगाडा बदलला आहे. त्यामुळे सी-टू-सी केबलने जोडल्यावर आपल्या चार्जरच्या दृष्टीने पलीकडे काहीच नसते आणि तो वीज रोखून धरतो. हे त्याने योग्यच केले. जुन्या ए-टू-सी केबलवर ट्रिमर चालतो याचे कारण त्या चार्जरच्या चौकोनी पोर्टवर वीज आधीच उभी असते. तिथे ओळख पटवण्याचा प्रश्नच येत नाही. हे दोन्ही रेझिस्टर मिळून काही पैशांचे असतात. ट्रिमर, गळ्यात अडकवायचे ब्लूटूथ हेडफोन, हाताने धरायचे पंखे, मुलांचे रात्रीचे दिवे अशा असंख्य वस्तूंमध्ये ते गाळलेले आढळतात, आणि ग्राहक मात्र आपला महागडा चार्जर बिघडला असे समजून तो बदलायला धावतो. याचा मला मनापासून राग येतो.

काही वस्तूंमध्ये याहून विचित्र लक्षण दिसते: केबल एका बाजूने घातली तर चार्ज होते, उलटी घातली तर होत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहक कंपनीसाठी आम्ही तपासलेल्या एका छोट्या उपकरणाच्या पहिल्या तुकडीत नेमके हेच घडले होते. त्यांच्या आराखड्यात दोन सीसी बिंदूंपैकी एकावरच रेझिस्टर होता आणि तपासणी करणारा मुलगा प्लग रोज एकाच बाजूने घालत असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पोर्ट दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही प्रकारच्या केबलींनी तपासल्याशिवाय कागदावर सही होत नाही.

ही चूक फक्त स्वस्त वस्तूंमध्येच होते असेही नाही. २०१९ च्या जूनमध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय ४ या गाजलेल्या छोट्या संगणकात दोन्ही सीसी बिंदू एकत्र जोडून त्यांना मिळून एकच रेझिस्टर दिलेला होता. साध्या केबलने तो व्यवस्थित चाले. पण ज्या केबलीत ओळख सांगणारी चिप असते तिने जोडला की चार्जरला पलीकडे हेडफोनचे जोडयंत्र आहे असा समज होई आणि तो वीजच देत नसे. रास्पबेरी पायच्या कर्त्यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त केली. म्हणजे चांगली, महाग केबल वापरणाऱ्यांचेच काम अडत होते. एखादे उपकरण स्वस्त केबलीवर चालते आणि चांगल्या केबलीवर चालत नाही, असे दिसले तर बहुतेक वेळा संशय उपकरणावर घ्यावा.

आता लॅपटॉपकडे वळू. ५ व्होल्ट मिळाल्यानंतर लॅपटॉप आणि चार्जर त्याच सीसी तारेवरून एकमेकांशी आकड्यांच्या भाषेत बोलू लागतात. या संवादाच्या नियमांना पॉवर डिलिव्हरी किंवा पीडी म्हणतात. चार्जर आपली यादी सांगतो: ५, ९, १५ आणि २० व्होल्ट, आणि प्रत्येकावर किती अँपिअर. लॅपटॉप त्यातील एक मागतो, चार्जर होकार देतो, व्होल्टेज चढवतो आणि तयार असल्याचे कळवतो. १०० वॅट म्हणजे २० व्होल्टवर ५ अँपिअर. पण ही यादी सांगण्याआधी चार्जर केबललाही एक प्रश्न विचारतो, आणि बहुतेकांना हे ठाऊक नसते. ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहून नेणाऱ्या प्रत्येक सी-टू-सी केबलीच्या टोकात ई-मार्कर नावाची एक चिप असावी लागते आणि आपण किती प्रवाह व किती व्होल्टेज पेलू शकतो हे तिने सांगावे लागते. केबलकडून उत्तर आले नाही तर चार्जर ती ३ अँपिअरची आहे असे धरून चालतो. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. आपल्या लॅपटॉपला मिळत आहेत ते हेच. १०० वॅटचा चार्जर आपल्याला फसवत नाही, तो केबल वितळू नये याची काळजी घेतो आहे.

ही काळजी किती खरी आहे ते एका हिशेबाने दाखवतो. अमेरिकन मापाच्या २८ गेजच्या, म्हणजे अगदी बारीक, तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. दोन मीटरच्या केबलीत प्रवाह दोन मीटर जातो आणि दोन मीटर परत येतो, म्हणून एकूण रोध सुमारे ०.८५ ओहम. तिच्यातून ३ अँपिअर वाहवले तर वाटेतच अडीच व्होल्ट गळतात आणि साडेसात वॅटहून अधिक उष्णता केबलीत तयार होते. चार्जरने ५ व्होल्ट दिले असतील तर फोनपाशी अडीचच उरतात. २० गेजची जाड तार घेतली तर तीच गळती ०.४ व्होल्टवर येते. टाइप-सीचा नियम वीज देणाऱ्या तारेत ०.५० आणि ग्राउंडच्या तारेत ०.२५ व्होल्टपर्यंतच घट चालवून घेतो, त्यामुळे लांब केबल प्रामाणिक असेल तर ती हाताला जाडच लागली पाहिजे. लांब, मऊ, सुबक आणि स्वस्त अशा चारही गुणांची केबल एकत्र दिसली की मी ती उचलत नाही. व्होल्टेज २० पर्यंत का चढवतात याचेही उत्तर याच हिशेबात आहे: तेच ६० वॅट ५ व्होल्टवर नेण्यासाठी १२ अँपिअर लागले असते. २०२१ मध्ये आलेल्या पीडी ३.१ ने हीच वाट पुढे नेऊन २८, ३६ आणि ४८ व्होल्टच्या पायऱ्या जोडल्या आणि मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढवली; प्रवाह मात्र ५ अँपिअरच राहिला.

एसएसडीचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. अतिवेगवान डेटासाठीच्या आठ संपर्कबिंदूंच्या तारा केबलीत घालणे सक्तीचे नाही. फक्त यूएसबी २ च्या तारा असलेली सी-टू-सी केबल पूर्णपणे नियमाला धरून असते आणि चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक लांब केबली तशाच असतात. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट; प्रत्यक्षात ३५ ते ४० मिळतात. आपला आकडा तोच सांगतो आहे. १०० गिगाबाइट फोटो या केबलीने हलवायला चाळीस मिनिटांहून अधिक लागतील, आणि सेकंदाला १० गिगाबिटची केबल व तसाच पोर्ट असेल तर दोन मिनिटांच्या आसपास. अशा केबलीवर बाहेरचा मॉनिटरही चालत नाही, कारण चित्राचा संकेत त्याच वेगवान तारांमधून जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ च्या वेळी हाच मुद्दा पुष्कळांना जाणवला: साध्या आयफोन १५ चा टाइप-सी पोर्ट यूएसबी २ च्याच वेगाचा होता, प्रोचा १० गिगाबिटचा होता, पण प्रोच्या खोक्यातली केबलही यूएसबी २ चीच होती आणि पूर्ण वेगासाठी वेगळी केबल घ्यावी लागे.

केबल ओळखणे इतके अवघड का झाले, याचा मोठा दोष नावे ठेवणाऱ्यांकडे जातो. २००८ मध्ये आलेल्या ५ गिगाबिटच्या यूएसबी ३.० चे नाव पुढे ३.१ जेन १ झाले आणि त्यानंतर ३.२ जेन १ झाले, जरी वेग तसूभरही बदलला नव्हता. २० गिगाबिटला ३.२ जेन २ बाय २ असे नाव मिळाले, जे दुकानदाराला उच्चारता येत नाही आणि ग्राहकाला लक्षात ठेवता येत नाही. २०१९ मध्ये यूएसबी ४ आले, त्याची ती पहिली आवृत्ती ४० गिगाबिटपर्यंत जाते. २०२२ मध्ये यूएसबीच्या संस्थेने नवी चिन्हे आणली, ज्यांत थेट ४० जीबीपीएस (सेकंदाला ४० गिगाबिट) किंवा २४० वॅट असे आकडे लिहिलेले असतात. ही चिन्हे मला मनापासून आवडली. नाव विसरा आणि केबलीवर दोन आकडे शोधा, किती वॅट आणि किती गिगाबिट, असे आता कोणालाही सांगता येते. ज्या केबलीवर किंवा तिच्या खोक्यावर दुसरा आकडा लिहिलेलाच नाही ती यूएसबी २ ची समजावी.

आता काही जळू शकते का, या प्रश्नाकडे. निर्दोष चार्जर, निर्दोष केबल आणि निर्दोष उपकरण असेल तर १०० वॅटच्या चार्जरला छोटे हेडफोन लावल्याने काहीही होत नाही, कारण उपकरणाने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर काही जात नाही आणि प्रवाह उपकरण स्वतःच्या गरजेपुरताच ओढते. भीती सदोष केबलीची असते, आणि तिचा इतिहास आहे. २०१५ च्या अखेरीस गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी अॅमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या टाइप-सी केबली स्वतः विकत घेऊन तपासायला आणि प्रत्येकीखाली सविस्तर अभिप्राय लिहायला सुरुवात केली. त्यांना मुख्यतः सापडलेली चूक ए-टू-सी केबलींमधली होती. अशा केबलीत सीसीच्या तारेवर ५६ किलो-ओहमचा रेझिस्टर असावा लागतो, ज्याचा अर्थ पलीकडे साधाच पोर्ट आहे, जपून ओढा. पुष्कळ उत्पादकांनी तिथे १० किलो-ओहमचा बसवला होता, ज्याचा अर्थ खुशाल ३ अँपिअर ओढा असा होतो. फोन त्यावर विश्वास ठेवून ओढू लागला की पलीकडचा जुना चार्जर किंवा लॅपटॉपचा पोर्ट तापतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्या तपासणीत एक अशी केबल आली जिच्यात वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. तिने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे क्षणात निकामी केली. पुढच्याच महिन्यात अॅमेझॉनने नियमबाह्य टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली. एका माणसाने चिकाटीने केलेले हे काम आमच्या व्यवसायात आजही आदराने सांगितले जाते, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला मी ते वाचायला लावतो.

म्हणून दोन वस्तू घरात ठेवू नयेत असा माझा आग्रह आहे. एक, ज्याचे एक टोक चौकोनी प्लगचे आणि दुसरे टाइप-सीच्या खाचेचे असते असा छोटा अडॅप्टर. जुन्या चार्जरला सी-टू-सी केबल लावता यावी म्हणून तो सर्रास विकला जातो, पण टाइप-सीचे नियम त्याला मान्यता देत नाहीत, कारण दोन अडॅप्टर आणि एक केबल घेऊन वीज देणारे दोन चौकोनी पोर्ट एकमेकांना जोडणे त्यामुळे शक्य होते. दुसरी, टाइप-सीची लांबी वाढवणारी जोडकेबल. तिलाही नियमांत जागा नाही. मूळ केबलीतील चिपला ही वाढीव लांबी दिसत नाही आणि ती ५ अँपिअरची हमी देत राहते.

फोनच्या स्वतःच्या जलद चार्जिंगचाही उल्लेख केला पाहिजे. ओप्पोने २०१४ मध्ये आणलेली वूक ही पद्धत व्होल्टेज चढवण्याऐवजी प्रवाह वाढवण्याच्या मार्गाने गेली, आणि तिला व तिच्या पुढच्या पिढ्यांना स्वतःचा चार्जर व स्वतःची केबल लागते. असा फोन आपल्या पीडी चार्जरवर सुरक्षितपणे चार्ज होईल, पण खोक्यावर छापलेल्या वेगाने होणार नाही. यात बिघाड काही नाही.

कायद्याने हा गोंधळ किती निवळेल, असेही मला अनेकदा विचारले जाते. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन यांना आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट बंधनकारक करण्यात आला. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे पोर्ट, प्लग आणि केबली यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले भारतीय मानक प्रसिद्ध केले आहे. पोर्टचा आकार ठरवणे सोपे होते. ट्रिमरमधले दोन रेझिस्टर खरोखर बसवले आहेत की नाहीत, हे विक्रीआधी कोणीतरी तपासले तरच आपल्यासारख्या ग्राहकाचा त्रास संपेल.

आता खरेदीचे. आपल्या लॅपटॉपसाठी १०० किंवा २४० वॅट असे स्पष्ट लिहिलेली केबल घ्या. बाजारात मिळणाऱ्या नव्या ५ अँपिअरच्या केबलींवर बहुधा २४० च लिहिलेले असते आणि ती १०० वॅटच्या चार्जरवर निर्धास्त चालते. एसएसडीसाठी वेगळी, आखूड केबल ठेवा. अतिवेगाचा संकेत लांब तारेत टिकत नाही, म्हणून ४० गिगाबिटची साधी केबल सुमारे ०.८ मीटरचीच असते. वॅट, वेग आणि लांबी तिन्ही एकाच केबलीत मागितले तर किंमत अनेक पटींनी वाढते, आणि घरगुती वापराला ते परवडत नाही. केबली दिसायला सारख्या असल्यामुळे मी प्रत्येकीच्या टोकाजवळ रंगीत चिकटपट्टी लावून तिच्यावर दोन्ही आकडे लिहितो. घरातल्या सर्वांना आता त्याची सवय झाली आहे. लिनक्स वापरत असाल तर एलएसयूएसबी या आज्ञेला वजा टी जोडून चालवली की एसएसडीपुढे ४८०एम दिसते की १००००एम, यावरून केबलीचा निकाल दोन सेकंदांत लागतो. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनच्या पॉवर विभागात चार्जर किती वॅट देतो आहे हे दिसते. आणि केबलला दोष देण्याआधी पोर्टमध्ये टॉर्चचा उजेड टाकून पाहा. खिशातला कापूस तळाशी दाबून बसल्याने प्लग पूर्ण आत जात नाही, अशा तक्रारी आमच्याकडे नेहमी येतात. उपकरण बंद करून लाकडी दात-कोरणीने तो अलगद काढता येतो.

राहिला ट्रिमर. परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर तो परत करा आणि कारणाच्या जागी सी-टू-सी केबलीवर चार्ज होत नाही असे स्पष्ट लिहा, कारण विक्रेत्याला उत्पादकाशी बोलायला त्याच शब्दांचा उपयोग होतो. मुदत संपली असेल तर पेन ड्राइव्ह फोनला लावण्यासाठी मिळतो तो ओटीजी अडॅप्टर, म्हणजे टाइप-सीचा प्लग आणि चौकोनी खाच असलेला, आपल्या नव्या चार्जरमध्ये लावा. वर ज्याला मी नको म्हटले त्याच्या हा नेमका उलट आहे आणि तो नियमाला धरून आहे. त्याच्या आत ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे चार्जर ५ व्होल्ट सोडतो. त्या चौकोनी खाचेत आपली जुनी ए-टू-सी केबल लावली की ट्रिमर चार्ज होऊ लागेल.